तांब्याच्या कंगोऱ्यात अडकलेली सावली

पॉल सेझार एल्यू (१८५९–१९२७) हा पॅरिसमधल्या इंप्रेशनिस्टांच्या गोतावळ्यातला चित्रकार. व्हर्सायच्या राजवाड्याची बाग, तिथले हौद आणि पुतळे यांची त्याने पुन्हा पुन्हा चित्रं रंगवली. मुद्राचित्रांसाठी, म्हणजे पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापायच्या चित्रांसाठी, मात्र त्याचं लाडकं तंत्र होतं ड्रायपॉइंट. त्याला लागते हिऱ्याच्या टोकाची सुई आणि तांब्याचा पत्रा. आम्ल नाही, मेणाचा थर नाही. वहीत पेन्सिल चालवावी तसा हात थेट धातूवर चालतो. म्हणूनच या तंत्रात उतरलेली बाग पानापानाने कोरलेली दिसत नाही. झरझर ओढलेल्या थोड्या रेघांत झाडांची रांग उभी राहते आणि रेघांच्या कडेला मखमली काळोख पसरतो.

हा काळोख येतो कुठून, हे भिंगाखाली पाहण्यासारखं आहे. कोरणीने खोदलं की धातूची बारीक साल निघून जाते. आम्ल वापरलं तर धातू विरघळतो. ड्रायपॉइंटमध्ये तांबं बहुतांशी जागेवरच राहतं, फक्त बाजूला सरकतं. मोह्सच्या मापात तांब्याचा कठीणपणा ३ आणि हिऱ्याचा १०, त्यामुळे सुई सहज आत रुतते. तांब्याच्या स्फटिकांतले अणूंचे थर न तुटता एकमेकांवरून घसरू शकतात. नांगराच्या तासाकडेला माती उलथावी तसा धातू रेघेच्या कडेला वर येतो आणि तिथे खरखरीत कंगोरा उभा राहतो. सुई सरळ धरली तर दोन्ही कडांना, तिरकी धरली तर मुख्यतः एकाच कडेला. चित्रकाराच्या मनगटाचा कल असा धातूत नोंदला जातो.

मग पत्र्याला दाट शाई फासतात आणि जाळीदार कापडाने पुसून काढतात. गुळगुळीत भागावरची शाई निघते, पण कंगोऱ्याच्या खाचाखोचांत ती अडकून राहते. ओलसर कागद पाण्याने मऊ झालेला असतो. प्रेसच्या रुळाखाली तो या खाचांत शिरतो आणि शाई उचलतो. रेघेभोवतीची धूसर, पसरट छाया ही कंगोऱ्याची करामत.

दुर्दैवाने तोच रूळ कंगोरा चेपतो, आणि पुसण्याने तो झिजतो. पहिल्या दहा-वीस प्रतींनंतर मखमल ओसरू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विजेच्या साहाय्याने तांब्यावर लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवण्याची युक्ती फ्रान्समध्ये आली. त्याने पत्रा जास्त टिकतो, पण मला वाटतं, थर न चढवता काढलेल्या सुरुवातीच्या प्रतीची ऊब अशा पत्र्यावरच्या प्रतीला येत नाही.

संग्रहालयात असं चित्र दिसलं तर आधी झाडांखालची सावली पाहा. काळा रंग एकजीव, ओलसर वाटत असेल तर प्रत बहुधा सुरुवातीची. तिथे रेघा सुट्या, करड्या आणि बारीक दिसत असतील, तर त्याआधी त्या पत्र्यावरून बरेच कागद निघून गेलेले असतात.