पंखवाल्या देवदूताची लव्हस्टोरी व्हॅम्पायरवरून ढापलेली नाही

देवदूत आणि साध्या मुलीचं निषिद्ध प्रेम असलेली डार्क फँटसी कादंबरी दिसली की कोणीतरी म्हणतंच, की व्हॅम्पायरची लाट आली आणि मग 2009च्या आसपास लेखकांनी त्यालाच पंख चिकटवले. मार्केटिंगपुरतं ठीक आहे, लाटेचा फायदा झालाच, पण कथा म्हणून हे साफ चुकीचं आहे.

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवपुत्रांनी मानवकन्यांना बायका केल्याचं आहे, जेमतेम चार ओळी. खरा मसाला हनोखाच्या पुस्तकात (Book of Enoch, एक प्राचीन ज्यू ग्रंथ), ज्याचे जुने भाग इसवीसनाच्या आधीचे आहेत आणि जे पूर्ण टिकलं ते इथिओपियातल्या गीझ भाषेत. त्यात 200 देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, आणि त्यांचा म्होरक्या घाबरतो की तुम्ही मागे फिराल आणि पापाची शिक्षा मला एकट्यालाच भोगावी लागेल, म्हणून सगळे मिळून शपथ घेतात. मला हा प्रसंग फार आवडतो, इतकं माणसासारखं घाबरणं! पुढे त्यांच्यातलाच एक देवदूत अझाझेल माणसांना तलवारी बनवायला शिकवतो आणि डोळ्यात काजळ घालायलाही. मुलं होतात ती राक्षसी आकाराची, आणि देवदूतांना बेड्या.

म्हणजे बंडखोर प्रियकर, शपथ, शिक्षा, अर्धी-मानवी संतती, सगळं तिथेच आहे. 1820च्या दशकात बायरन आणि थॉमस मूर या दोन्ही कवींनी याच विषयावर लिहिलंय, तेव्हा ‘ड्रॅक्युला’ ही गाजलेली व्हॅम्पायर कादंबरी यायला अजून 70हून जास्त वर्षं होती.