मागे लागलेला मॉब आणि धरलेला मॉब

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) या ऑनलाइन गेममध्ये नवा टँक, म्हणजे टीमसाठी मार खाणारा खेळाडू, आठ मॉब (गेमने चालवलेले शत्रू) मागे पळवत आणतो आणि समजतो की काम झालं. तेवढ्यात हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारा, पहिला हील टाकतो आणि आठच्या आठ वळून त्याच्या अंगावर जातात. वर बोलणी खातो तोही हीलरच!

मॉब गोळा करणं म्हणजे पुल करणं. तुम्ही जवळून गेलात, त्याने पाहिलं, तो मागे लागला. एवढंच. प्रत्येक मॉबकडे थ्रेटची, म्हणजे कोणावर किती राग आहे त्याची, एक यादी असते. नुसतं दिसल्याने तुमचं नाव त्या यादीत चढतं, पण नावापुढचा आकडा जवळपास शून्य असतो. तो वाढवत नेणं म्हणजे धरणं.

क्लासिकमधला, म्हणजे गेमच्या जुन्या आवृत्तीतला, हिशोब बघा. १ डॅमेजला १ थ्रेट. हीलिंगला त्याच्या निम्मा, तोही लढाईतल्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. हीलरने तुम्हाला १६०० चा हील दिला, तर थ्रेट ८००, आठ मॉबवर प्रत्येकी १००. तुम्ही कोणाला हातही लावलेला नाही. मॉब स्वतःकडे वळायला जवळच्या खेळाडूला टँकच्या ११० टक्क्यांच्या आणि लांबच्याला १३० टक्क्यांच्या पुढे जावं लागतं, ही सवलत आहे खरी. पण शून्याचे १३० टक्केही शून्यच.

टाँटने, म्हणजे मॉबला डिवचून आपल्याकडे खेचण्याने, गोंधळ आणखी वाढतो. टाँट एकाच मॉबवर चालतो: तुमचा आकडा सगळ्यात वरच्याइतका करतो आणि मॉबला तीन सेकंद तुमच्याकडे बांधतो. तेवढ्यात चार फटके मारले नाहीत, तर तो परत निसटू शकतो. वॉरियर प्रकारच्या टँकचा चॅलेंजिंग शाउट आसपासच्या सगळ्यांना सहा सेकंद खेचतो, पण आकड्यांना हात लावत नाही. सहा सेकंदांनी जो तो आपल्या जुन्या गिऱ्हाइकाकडे.

गोळा करण्यातही मेख आहेच. पळताना पाठ मॉबकडे असते. पाठीवरचा वार ढालीवर घेता येत नाही, आणि डेझ (मागून मार बसून येणारी गुंगी) बसला की वेग निम्मा. लांबून मंत्र टाकणारे कॅस्टर तर जागचे हलतच नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीआड व्हायचं. नजरेआड झालात की झक मारत चालत येतात. डेथ नाइट प्रकारचा टँक असाल तर डेथ ग्रिपने एकेकाला ओढा.

यात अवघड काय, हे कोणता वॉव खेळता त्यावर आहे. जुन्या क्लासिकमध्ये धरणं जास्त अवघड: वॉरियरचा थंडर क्लॅप हा आसपासच्यांना लागणारा फटका चारच मॉबना लागतो, आणि त्यासाठी बॅटल स्टान्स या पवित्र्यात जावं लागतं. म्हणून घोळक्यासाठी कॉन्सिक्रेशनवाला (पायाखालच्या जमिनीवरून सगळ्यांना मार देणारा) पॅलडिन टँक मला केव्हाही बरा वाटतो, मग त्याच्याकडे तिथे टाँट नसला तरी. आताच्या रिटेलमध्ये, म्हणजे गेमच्या चालू आवृत्तीत, टँकचा थ्रेट इतका वाढवलाय की सगळ्यांना लागणारा एखादा फटका बसला की बहुतेक काम होतं. त्यामुळे २०१६ च्या लीजन या विस्तारापासून आलेल्या मिथिक प्लस या वेळेच्या शर्यतीत, घड्याळ चालू असताना, कस लागतो तो गोळा करण्याचा.

दोन्हीकडे चालणारी एक सवय सांगतो. मोठा पुल एका दमात आणू नका. निम्म्यावर थांबा, सगळ्यांना एक फटका द्या, मग पुढे पळा. हीलरने तोवर हात आवरायचा. आणि तेवढा वेळ तुमचा हेल्थ बार टिकत नसेल, तर पुढच्या वेळी दोन मॉब कमी आणा.