सांध्यातील निवासी जंतू

संसर्गाची कोणतीही खूण नसलेल्या गुडघ्यात, खुब्यात किंवा खांद्यात जे जंतू अथवा त्यांच्या डीएनएचे अंश आढळतात, त्यांना उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. सांध्याची पोकळी निर्जंतुक असते, असे वैद्यकात दीर्घकाळ मानले गेले. त्यामुळे सांध्यातून काढलेल्या द्रवात जंतू वाढला की तो एक तर रोगकारक असणार, नाहीतर त्वचेवरून वा प्रयोगशाळेत मिसळलेला असणार, अशी दोनच उत्तरे होती. जंतू वाढवून न पाहता जीवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए या जनुकावरून त्यांची ओळख पटवणे शक्य झाल्यावर तिसऱ्या उत्तराचा, म्हणजे जंतू सांध्यातच निरुपद्रवीपणे राहत असावा याचा, विचार सुरू झाला.

सांध्याची रचना या विचाराला अनुकूल आहे. संधिस्तराखाली (सांध्याच्या आतल्या अस्तराखाली) सलग आधारपटल (पेशींना आधार देणारा पातळ पडदा) नसते आणि त्यातील केशवाहिन्या सच्छिद्र असतात, म्हणून रक्तातून वाहत आलेला जंतू सांध्यात सहज पोहोचू शकतो. मात्र निरोगी गुडघ्यातला द्रव जेमतेम काही मिलिलीटर असतो आणि त्यात जंतूंचा अंश असलाच तर अत्यल्प असतो. इतक्या कमी अंशाची तपासणी करताना रसायनांमध्ये आणि नळ्यांमध्ये आधीपासूनच असलेला जंतूंचा डीएनएही मोजला जातो. शिवाय डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत होता असे ठरत नाही. ‘निवासी’ हे विशेषण त्यामुळे तूर्त उसने घेतल्यासारखेच आहे.

खांद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, २०१६ पासून क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, हा मुरुमांशी निगडित जंतू पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होत असलेल्या खांद्यांतूनही वाढवता आला आहे, आणि पुरुषांत तो अधिक वेळा आढळतो. त्याचे मूळ घर केसांच्या मुळांशी असलेल्या तैलग्रंथींत असते. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचेचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण ग्रंथीच्या तळाशी असलेला जंतू टिकून राहतो, आणि छेद घेताना पाते त्या ग्रंथींमधूनच जाते. म्हणून सांध्यात सापडलेला जंतू तिथलाच की वाटेत पात्याबरोबर आलेला, हा वाद मिटलेला नाही. शस्त्रक्रियेआधी काही दिवस त्या जागी बेंझॉईल पेरॉक्साईडची जेल लावल्यास त्वचेतील या जंतूंचे प्रमाण घटते. हे तेच मुरुमांचे औषध, जे इंदूरच्या दवा बाजारातही मिळते.

मूळ सांध्यात निरुपद्रवी ठरणारा जंतू धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या सांध्यालगत तसाच राहील, असे नाही. एलेक आणि कॉनेन यांनी १९५७ मध्ये दाखवले की त्वचेत रेशमी टाका असेल तर स्टॅफिलोकॉकस जंतूंना पू निर्माण करण्यासाठी लाखोंऐवजी शेकड्यांतली संख्या पुरते. परक्या वस्तूवर जंतू चिकट थर तयार करतात. या बायोफिल्मच्या आड प्रतिजैविकांचा प्रभाव फार कमी होतो. गुडघा व खुबा बदलल्यानंतर संसर्गाचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असले, तरी तो झाला की पुष्कळदा बसवलेला सांधा काढावा लागतो.

इंदूरमध्ये रामबागेतल्या मराठी घरांतही हिंदीच्या सहवासाने ‘घुटने बदलले’ असे सर्रास म्हणतात, आणि तिथल्या रुग्णाला या विषयाची ओळख बहुधा कल्चरच्या (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या) अहवालातूनच होते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शहरात असो वा अन्यत्र, तो अहवाल वाचताना दिवस मोजावे लागतात. क्युटिबॅक्टेरियम सावकाश वाढतो. पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असे आले तरी तो निर्वाळा ठरत नाही, कारण या जंतूसाठी नमुना १४ दिवसांपर्यंत ठेवण्याची पद्धत आहे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांहून पाच-सहा नमुने घेतात आणि त्यांपैकी किमान दोनांत एकच जंतू निघाला, तर संसर्गाचा पुरावा भक्कम मानतात. एकाच नमुन्यात वाढ झाल्यास द्रवातील पांढऱ्या पेशींची संख्या, सीआरपी (दाह दर्शवणारे रक्तातील प्रथिन) आणि रुग्णाची लक्षणे यांच्याशी ती ताडून पाहिली जाते.

सर्वाधिक पेच पडतो तो खांद्याच्या दुसऱ्या, म्हणजे आधी बसवलेला सांधा बदलण्याच्या, शस्त्रक्रियेत. पू नाही, ताप नाही, रक्ताचे अहवाल ठीक, नवा सांधा बसवून रुग्ण घरीही गेलेला; आणि दहाव्या-बाराव्या दिवशी एखाद्या नमुन्यात क्युटिबॅक्टेरियम वाढल्याचे कळते. अशा वेळी काही शल्यविशारद कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात, तर काही केवळ लक्ष ठेवून राहतात.