धारित्रातील ऊर्जासंचय : प्रात्यक्षिक प्रयोग

धारित्र म्हणजे मधे निरोधक (वीज वाहू न देणारा पदार्थ) असलेले दोन संवाहक पट्ट. पंखा वा विहिरीवरची मोटर दुरुस्त करणारे त्याला कंडेन्सर म्हणतात. त्यातील ऊर्जा धारिता (एक व्होल्ट दाबाला त्यात मावणारा विद्युत् भार) आणि विद्युत् दाबाचा (व्होल्टेजचा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. दाब दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. हा वर्गाचा संबंध हाताने करून पाहता येतो, म्हणून या प्रयोगांना शिक्षणात विशेष महत्त्व आहे.

पहिल्या धारित्राचा, म्हणजे लायडन बरणीचा (आत व बाहेर संवाहक असलेल्या काचेच्या बरणीचा), मान कोणाला द्यावा याविषयी मतभेद आहेत. पॉमरेनियातील एवाल्ट फॉन क्लाइस्ट यांचा प्रयोग ऑक्टोबर १७४५ मधला मानतात. लायडनच्या पीटर फान म्युसेनब्रूक यांचे पत्र जानेवारी १७४६ चे आहे. तारखेने क्लाइस्ट आधीचे ठरतात; पण बरणी हातात धरलेली असणे आवश्यक आहे, ही बाब त्यांच्या वर्णनातून स्पष्ट झाली नाही आणि इतरांना तो प्रयोग साधेना. प्रयोग इतरांना करता येईल असा सांगण्याचे श्रेय म्युसेनब्रूक यांना देणे अधिक योग्य वाटते. भार धातूत नसून काचेत असतो, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी भाग सुटे करता येणारी बरणी वापरून मांडले. पुढे १९२२ मध्ये ॲडनब्रुक यांनी तोच प्रयोग मेणाच्या बरणीवर केला, तेव्हा भार निरोधकात राहिल्याचा तो परिणाम दिसला नाही. काचेच्या पृष्ठावरील आर्द्रतेचा थर भार धरून ठेवतो, हे स्पष्टीकरण आता सामान्यतः ग्राह्य धरतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ही आर्द्रतेची बाब प्रत्यक्ष अनुभवास येते. पावसाळ्यात महाबळेश्वर किंवा कोयनेच्या खोऱ्यात घरगुती बरणी भार धरत नाही. माण, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ती चांगली चालते. मिठाचे पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाटली, तिच्याभोवती ॲल्युमिनियमची चंदेरी आणि घोंगडीवर घासलेला पीव्हीसी पाइप एवढे साहित्य पुरते.

आधुनिक प्रयोगासाठी १००० मायक्रोफॅरडचे (फॅरड हे धारितेचे एकक) इलेक्ट्रोलिटिक धारित्र व ९ व्होल्टांची बॅटरी घेतात. ध्रुवता पाळणे, म्हणजे धन टोक धन टोकालाच जोडणे, अत्यावश्यक. उलटे जोडल्यास ते फुटू शकते. पूर्ण भारित झाल्यावर त्यात ४०.५ मिलिजूल ऊर्जा असते. १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी जोडला की तो लख्ख पेटून काही सेकंदांत मंदावतो. दाब ४.५ व्होल्टांवर येतो तेव्हाच तीन चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते.

सर्वांत उद्बोधक प्रयोग दोन धारित्रांचा. भारित धारित्र तसल्याच रिकाम्या धारित्राला जोडल्यास दोन्हींवर सुमारे ४.५ व्होल्ट दिसतात (अशा धारित्रांच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, म्हणून आकडा नेमका येत नाही). एकूण भार तेवढाच राहतो; ऊर्जा मात्र २०.२५ मिलिजूल, म्हणजे निम्मी. जाड तार वापरा किंवा मधे मोठा रेझिस्टर घाला, हा हिशेब बदलत नाही, फक्त वेळ बदलतो. उरलेली ऊर्जा कोठे जाते? काही लेखक विद्युतचुंबकीय प्रारणाला (लहरींच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या ऊर्जेला) प्राधान्य देतात. आदर्श, रोधरहित मंडलापुरते ते म्हणणे विचारार्ह आहे. टेबलावरच्या मंडलात मात्र तारांतील उष्णता व जोडतानाची ठिणगी हीच मुख्य कारणे होत. बॅटरीवरून भारित करतानाही असेच घडते : बॅटरी ८१ मिलिजूल देते, साठतात त्याच्या निम्मे.

शेतातील एकफेज मोटरच्या पेटीतले धारित्र या प्रयोगांसाठी काढू नये. २३० व्होल्टांच्या पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. त्या क्षणी पुरवठा तुटल्यास ५० मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे २.६ जूल, म्हणजे वरच्या प्रयोगाच्या साठपटींहून अधिक ऊर्जा राहू शकते. पुरवठा बंद करून योग्य रेझिस्टरमधून तो भार उतरवावा, पेचकसाने टोके भिडवू नयेत. निरोधकात मुरलेल्या भारामुळे रिकामे केलेल्या धारित्रावर काही वेळाने पुन्हा दाब दिसतो, म्हणून मोठ्या धारित्राची टोके ठेवणीत असतानाही तारेने जोडून ठेवतात.