यंत्राने नोट नाकारली म्हणजे ती खोटी असते का?

जुगाराच्या स्लॉट मशीनमध्ये नोट सरकवली, ती आत ओढली गेली आणि तशीच परत बाहेर आली, की लगेच ती उजेडात धरून बघणारे बरेच असतात. यंत्राने नाकारली म्हणजे नोटेतच खोट असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. पण हा हिशेब जवळजवळ नेहमीच चुकतो. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये चलनातल्या दर दहा लाख खऱ्या युरो नोटांमागे १६ खोट्या नोटा सापडल्या. आता समजा, एखादे यंत्र शंभरातल्या दोन खऱ्या नोटा पहिल्या खेपेला परत करते. म्हणजे दहा लाखांत २०,००० खऱ्या नोटा परत येणार. त्यांच्यापुढे खोट्या किती, तर सोळाच्या आसपास!

मग खरी नोट परत का येते? आणि शेजारचे यंत्र तीच नोट निमूटपणे कशी घेते? याचे उत्तर नोट तपासणाऱ्या भागात, म्हणजे व्हॅलिडेटरमध्ये आहे. तो मॉडेलागणिक वेगळा असतो.

नोटेवर छापलेला आकडा आपण वाचतो तसा व्हॅलिडेटर वाचत नाही. नोट तोंडाशी आली की मोटर पट्टे फिरवू लागते. नोट किती मिलिमीटर आत आली याची मोजदाद एन्कोडर ठेवतो. ठरावीक अंतरागणिक लाल, हिरवे, निळे आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशाचे) एलईडी एकामागून एक क्षणभर पेटतात. नोटेतून आरपार किती उजेड गेला आणि पृष्ठभागावरून किती परतला, हे फोटोडायोड, म्हणजे प्रकाश मोजणारे सेन्सर, नोंदवतात. एक-दोन सेकंदांत नोटेची आकड्यांची एक लांबलचक मालिका होते आणि ती साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिली जाते. नोट सुलटी, उलटी, या टोकाकडून किंवा त्या टोकाकडून अशी चार प्रकारे घालता येते, त्यामुळे एकेका नोटेचे चार नमुने लागतात.

यात अवरक्त प्रकाशाला विशेष महत्त्व आहे. डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन शाया अवरक्तात पूर्ण वेगळ्या वागू शकतात. एक तो प्रकाश शोषते, दुसरी काचेसारखी आरपार जाऊ देते. नव्या मालिकेतल्या २० युरोच्या नोटेची पुढची बाजू अवरक्तात पाहिली, तर हिरवा चमकता आकडा, मुख्य चित्राचा उजवा भाग आणि चंदेरी पट्टा एवढेच दिसते. बाकीची छपाई नाहीशी होते. रंगीत प्रिंटरवर काढलेली नक्कल डोळ्यांना कितीही फसवो, अवरक्तात तिचे चित्र सहसा जमत नाही.

आता खरी अवघड आणि माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट. नोटा मळतात. मळलेल्या नोटेतून सगळाच उजेड कमी जातो, त्यामुळे कोऱ्या नोटेचे आकडे तिला लागू पडत नाहीत. पण नोट मन मानेल तशी मळत नाही. हाताळण्याने चढणारा थर पिवळसर असतो. तो निळा प्रकाश जास्त शोषतो, लाल कमी आणि अवरक्त त्याहूनही कमी. म्हणजे निळ्याचा आकडा उतरला, तर हिरव्याचा आणि लालचाही आपापल्या प्रमाणात उतरायला हवा. खऱ्या नोटेचे म्हातारपण एका ठरावीक दिशेने जाते.

साधे मॉडेल हे पाहत नाही. ते प्रत्येक आकड्याला किमान आणि कमाल अशी स्वतंत्र मर्यादा घालते. यातली उणीव माणसांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १९० सेंटिमीटर उंचीची प्रौढ माणसे असतात आणि ४५ किलो वजनाचीही असतात. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत बसतात, पण एकाच माणसाची उंची १९० आणि वजन ४५ हे क्वचितच घडते. आकडे सुटे तपासले तर ही विसंगती हाती लागत नाही. ते कसे एकत्र बदलतात हे पाहावे लागते. त्यासाठीचे गणित भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडले. आकड्यांचे एकत्र बदलणे लक्षात घेऊन एखादी वस्तू नमुन्यापासून किती दूर आहे हे ते मोजते, त्यालाच महालनोबिस अंतर म्हणतात. नाणी आणि नोटा ओळखण्याच्या पेटंटांत महालनोबिस अंतराचा उल्लेख आढळतो. भूमितीत सांगायचे, तर सुट्या मर्यादांनी बहुमितीय अवकाशात एक आयताकृती ठोकळा तयार होतो. महालनोबिस अंतराने तयार होतो तो तिरपा लंबगोल, मळण्याच्या दिशेने लांब आणि इतर दिशांना अरुंद. ठोकळ्यात मळक्या नोटा बसवायच्या तर त्याच्या सगळ्या बाजू वाढवाव्या लागतात आणि कोपऱ्यांत नकलांना जागा मिळते. लंबगोलाला असे कोपरेच नसतात.

म्हणून ‘हे मॉडेल कडक, ते ढिले’ ही विभागणी फार ढोबळ आहे. चांगले मॉडेल मळक्या नोटा जास्त घेते आणि नकला जास्त अडवते, दोन्ही एकाच वेळी. जाहिरातीतल्या स्वीकृतीच्या टक्केवारीवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. नोटा कोऱ्या होत्या की वापरलेल्या आणि नकला किती निसटल्या, हे सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही.

दुसरा फरक रुंदीचा. डॉलरच्या सगळ्या नोटा साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटरच्या, त्यामुळे केवळ डॉलरसाठीच्या मॉडेलला एकाच रुंदीची वाट पुरते. युरोत ५ ची नोट ६२ मिलिमीटर रुंद आणि जुनी १०० ची ८२. अरुंद नोट रुंद वाटेत तिरकी जाते, म्हणून तिला आधी मध्यावर आणणारी यंत्रणा किंवा पूर्ण रुंदी टिपणारा स्कॅनर लागतो. जुन्या पद्धतीचे मोजके सेन्सर नोटेच्या मोजक्याच उभ्या पट्ट्या बघतात. नोट चार मिलिमीटर सरकली की पट्टी बदलते आणि खरी नोट अनोळखी ठरते. २०१९ मध्ये आलेली १०० युरोची नवी नोट ७७ मिलिमीटर रुंद आहे, नेमकी ५० च्या नोटेइतकी. त्या दोघींची रुंदी पाहून निवड करणे तेव्हापासून शक्य राहिले नाही.

जुगाराच्या यंत्रांभोवती एक अंधश्रद्धाही फिरते. कोरी नोट घातली की नशीब उघडते, एखादे यंत्र नोटा परत करू लागले की ते ‘रुसलेले’ असते, वगैरे. हे निखालस खोटे आहे. व्हॅलिडेटर फक्त जमा रक्कम कळवतो. खेळाचा निकाल यादृच्छिक संख्यांचा वेगळा प्रोग्रॅम काढतो आणि नोट कोरी होती की चुरगळलेली, हे त्याला कळतच नाही.

बाकीचे फरक सुरक्षेचे. दोरा लावलेली नोट परत ओढून काढता येऊ नये म्हणून वाटेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आणि जास्तीचे सेन्सर असतात. जुनी मॉडेले रक्कम विजेच्या स्पंदांनी मोजून कळवत, नवी मॉडेले सांकेतिक संदेश पाठवतात आणि यंत्राकडून होकार येईपर्यंत नोट मधल्या जागेत धरून ठेवतात. काही मॉडेले नोटेसोबत बारकोडचे तिकीटही वाचतात.

शेजारीशेजारी उभी दोन यंत्रे, दोन्हींत एकाच मॉडेलचा व्हॅलिडेटर, तरी एक नोट घेते आणि दुसरे परत करते, असेही घडते. अशा वेळी आधी सेन्सरवरची काच धुळीने माखली आहे का ते पाहावे, मग पट्टे झिजून नोट घसरते आहे का ते. दोन्ही ठीक असतील तर फर्मवेअरची, म्हणजे व्हॅलिडेटरमधल्या प्रोग्रॅमची, आवृत्ती आणि नोटांच्या नमुन्यांचा संच ताडून पाहावा. जुना संच असलेल्या यंत्राला नवी नोट माहीतच नसते.