देवांची नाणी आणि आतली चांदी

‘दीनार’ हा संस्कृतातला जुना शब्द मुळात लॅटिन ‘देनारियस’वरून आला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. २११ च्या सुमारास, रोमने हे साधारण साडेचार ग्रॅमचे चांदीचे नाणे पाडायला घेतले. एका बाजूला पंखांचे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी. दुसऱ्या बाजूला भरधाव घोड्यांवर कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, दोघांच्या डोक्यावर एकेक तारा. आपल्याला इथे अश्विनीकुमार आठवतात, आणि दैवतकथांचे कित्येक अभ्यासक या दोन्ही जोड्यांचे मूळ एकच मानतात.

टाकसाळही देवाच्या दारातच होती, कॅपिटोलिन टेकडीवर जूनो मोनेटाच्या देवळाजवळ. ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे इंग्रजी शब्द या मोनेटाचेच. माझे सर्वांत आवडते नाणे इ. स. पू. ४६ चे, टायटस कॅरिसियस या टाकसाळ अधिकाऱ्याचे: पुढे मोनेटाचा चेहरा, मागे ऐरण, सांडशी आणि हातोडा. कारागिराच्या अवजारांना देवीच्या पाठीशी जागा मिळाली!

दोनच वर्षांनी नाण्यावर जिवंत माणूस आला, ज्यूलियस सीझर. त्याच्या मृत्यूनंतर आकाशात धूमकेतू दिसला. लोकांनी तो सीझरचा आत्मा मानला. पुढे ऑगस्टसने तोच शेपटीचा तारा ‘दैवी ज्यूलियस’ या अक्षरांसह चांदीवर उमटवला.

देव टिकले, चांदी मात्र ओसरत गेली. इ. स. ६४ मध्ये नीरोने तिच्यात तांबे मिसळले. किती, हे कळायला फार वेळ लागला, कारण पृष्ठभाग फसवतो. मिश्रधातूची चकती तापवली की वरच्या थरातल्या तांब्याचे ऑक्साइड होते. ते आम्लात धुऊन काढले की वर जवळजवळ शुद्ध चांदीची साय उरते, आणि ठशाच्या घावाने ती दबून चकाकते. क्ष-किरणांची नेहमीची तपासणी एवढी सायच पाहते. म्हणून संशोधकांनी नाण्याच्या कडेला बारीक छिद्र पाडून आतला कीस तपासला. नीरोच्या त्या नाण्यांत चांदी सुमारे ८० टक्केच निघाली.

रोमन सम्राट गॅलिएनसच्या राजवटीअखेर, इ. स. २६८ पर्यंत, ती ५ टक्क्यांच्याही खाली गेली होती. सीमेवर आक्रमणे, राज्यात बंडे. त्याच काळात त्याने एकामागून एक देवांना रक्षणासाठी साकडे घालणारी नाणी काढली: डायानासाठी हरिण, नेपच्यूनसाठी समुद्रघोडा, अपोलोसाठी धनुष्य ताणलेला नराश्व. आज त्यांतली बहुतेक हातात घेतली तर तांब्यासारखी तपकिरी दिसतात.