तबकडीची बाजू आणि समीक्षकाचा कान

नव्या अल्बमचे परीक्षण वाचताना आपण एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे संगीत हा एक सलग विचार असतो आणि त्याला एकत्रितपणे चांगले किंवा वाईट म्हणता येते. हे गृहीतक गाण्यातून आलेले नाही, ग्रामोफोनच्या तबकडीतून आलेले आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. त्यामुळे पाश्चात्त्य संगीतातील लांब रचना अनेक तबकड्यांवर तोडून मुद्रित कराव्या लागत आणि फोटोंच्या अल्बमसारख्या, पाकिटे शिवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकल्या जात. पुढे वही गेली आणि नाव तेवढे राहिले.

भारतात या साऱ्याची सुरुवात नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग गौहर जान यांचे गाणे मुद्रित करून गेला. मायक्रोफोन अद्याप आलेला नव्हता, म्हणून गायिकेला एका कर्ण्याच्या तोंडाशी गावे लागे. गाणे संपताच त्या 'माय नेम इज गौहर जान' असे खणखणीत उच्चारत. आज ते ऐकताना गंमत वाटते, पण त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते : तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला, आणि कोणती मूळ प्रत कोणाची हे तिथल्या कारागिरांना त्या घोषणेवरून कळे. कोलकात्यातील सियालदहला कारखाना निघाला तो 1908 मध्ये.

तीन मिनिटांच्या या मापाने ख्यालाचे, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या गायनप्रकाराचे, जे केले, त्याबद्दल जाणकारांची तक्रार जुनी आहे. बैठकीत तासभर फुलणारा राग इथे मुखड्यापासूनच धावू लागे. आलापी दोन-चार स्वरवाक्यांत आटोपे, ताना लगोलग येत आणि सुई मध्यापर्यंत पोहोचण्याआधी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबावे लागे. मला मात्र ही तक्रार पुरती पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकताना काही कापले गेले आहे असे वाटत नाही. तेवढ्याच अवकाशासाठी वेगळी रचना केल्यासारखी ती वाटते. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', हीसुद्धा सुमारे साडेतीन मिनिटांची आहे. मैफलीत ज्यांना तासन् तास ऐकायचे, त्या गायिकेची सौरमंडलाबाहेरची ओळख तबकडीच्या एका बाजूएवढी आहे.

संगीतसमीक्षेच्या दृष्टीने खरा बदल कालावधीचा नव्हता, पुराव्याचा होता. मराठीत गाण्यावर गंभीरपणे लिहिण्याची वाट ज्यांनी मळली, त्यांत केशवराव भोळे अग्रभागी आहेत. 1930 च्या दशकात 'वसुंधरा' साप्ताहिकात ते 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहीत. हे लेखन मुख्यतः मैफलीवर उभे होते, आणि मैफल संपली की ती ऐकणाऱ्यांच्या स्मरणात तेवढी उरते; अमक्याने पंचम जरा चढा लावला असे समीक्षकाने लिहिले, तर वाचकाने ते विश्वासाने घ्यायचे किंवा सोडून द्यायचे, तपासण्याची सोय नव्हती. तबकडीने ती सोय दिली. समीक्षकाने जे ऐकले तेच वाचक पुन्हा लावून ऐकू शकतो म्हटल्यावर विशेषणांच्या जागी नेमकेपणा येणे भाग होते. इंग्लंडमध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी 1923 मध्ये 'द ग्रामोफोन' हे मासिक काढले ते याच पायावर. आपल्याकडे तबकड्यांच्या परीक्षणाची तशी अखंड परंपरा झाली नाही, पण वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'त (1961) घराण्यांची तुलना स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून केलेली दिसते, आणि अशी मांडणी पडताळायची तर ध्वनिमुद्रिका हाताशी असलेला वाचक त्या काळी तयार झाला होता.

1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटे मावू लागली. हिंदुस्थानी संगीतात याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला, त्यांत अमीर खाँसाहेबांचे नाव आधी घ्यावे लागेल, कारण त्यांची अतिविलंबित बढत, म्हणजे अत्यंत संथ लयीतला रागविस्तार, जुन्या तबकडीत शिरणेच शक्य नव्हते. त्यांच्या प्रसिद्ध लाँग प्लेच्या एका बाजूवर मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूवर दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. बैठकीत या दोघांमध्ये काही तासांचे अंतर पडते. इथे ते अंतर उठून तबकडी उलटण्याइतके आहे. मारव्यातील षड्ज (सा) टाळत राहण्याने आलेली अस्वस्थता मनात असतानाच सुई दरबारीच्या खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरते, आणि दोन स्वतंत्र राग एकमेकांवर भाष्य करू लागतात. हा अनुभव मैफलीत मिळत नाही, तो या तबकडीनेच घडवला.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त हा परिणाम जाणूनबुजून साधला आहे. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांतून काश्मिरातील मेंढपाळाचा एक दिवस उभा राहतो. त्याची सुरुवात अहिर भैरवने होते आणि शेवट पहाडीने, म्हणजे रागसमयाचे, दिवसाच्या ठरावीक वेळी ठरावीक राग गाण्याचे, चक्र दोन बाजूंत बसवले आहे. याचे निर्माते होते जी. एन. जोशी, ज्यांना मराठी वाचक 'रानारानांत गेली बाई शीळ'चे गायक म्हणून ओळखतात. क्रम बदलला तर अर्थ बदलेल अशी ही कृती असल्याने तिचे परीक्षण एका रागाचे होऊ शकत नाही, अल्बमचेच करावे लागते.

याच्या उलट उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते वर्षाहून थोडा अधिक काळ प्रसारित झाली. पुढे तबकड्यांच्या रूपात ते एकत्र मिळाले, तरी पहिल्या श्रोत्यांनी ते हप्त्याहप्त्याने, मधले आठवडे वाट पाहत अनुभवले होते. दोन्ही श्रोते एकाच कृतीबद्दल बोलत आहेत असे मानणे सोपे असले, तरी बरोबर नाही.

कॅसेट आणि सीडी यांनी गाणे स्वस्त केले, सुटे केले, आणि साठ-सत्तर मिनिटांची जागा भरायची म्हणून नको ती गाणी अल्बमात शिरली, एवढे सांगून पुढे जाता येईल. परीक्षणाची जागा खरी हलली ती इंटरनेटवरून गाणे थेट ऐकता येऊ लागल्यावर. पूर्वी समीक्षकाकडे प्रत आधी पोहोचे आणि विकत घ्यावे की नाही हे वाचक त्याच्याकडून ठरवी. जुलै 2015 पासून बहुतेक देशांत नवे अल्बम शुक्रवारी निघतात, आणि श्रोता मध्यरात्रीच ऐकून मोकळा होतो. सोमवारी परीक्षण येते तेव्हा त्याचे मत बनलेले असते. त्यातच स्पॉटिफायवर गाण्याची नोंद तीस सेकंद ऐकल्यावर होते, म्हणून मुखडा लवकर आणण्याचा दबाव गीतकार-संगीतकारांवर आहे. 78 च्या तबकडीवर ख्याल गाणाऱ्यांना हा दबाव ओळखीचा वाटला असता.

अमीर खाँसाहेबांची ती दोन ध्वनिमुद्रणेही आता फोनवर मिळतात. क्रम आपोआप बदलणारे बटण चालू असले, तर सकाळी नऊ वाजता आधी दरबारी लागते, मग शेव्हिंग क्रीमची जाहिरात आणि त्यानंतर मारवा.